शशीमधला श

नायर हॉस्पिटलच्या कागदावर बाबांचे कान म्हणजे एक रेघ.
डावीकडून बरी चालत येते,
आणि चार हजार हर्ट्झपाशी
सुक्या गोदीच्या कडेवरून पाय घसरावा तशी खाली.

एकोणतीस वर्षं माझगावला, जहाजाच्या लोखंडी पोटात,
हातात हवेचा हातोडा, कानात कापसाचे बोळे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज पोचतो हो,
व्यंजनं पोचत नाहीत.
स जातो, फ जातो, च जातो.
आईचं नाव शशी. बाबा ते नीट म्हणतात,
पण गॅलरीतून कुणी हाक मारली
तर त्यांच्यापर्यंत येतं नुसतं अ, ई,
रिव्हिटा निखळलेल्या पत्र्यासारखं.

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईंकडे बोर्ड मिळाला अठराशेला,
भंगारातल्या सोनोग्राफी यंत्रातून उपटलेला.
"आधी ह्याच्यात पोटातली बाळं दिसायची,
आता तुम्ही सांगाल ते."
घरी आणून वीज दिली तर आत कुणीच नाही.
वीज गेली की ही चिप स्वतःला विसरते,
दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, तू कोण.
मी सांगितलं: तू गाळणी.
जाड ते आहे तसं जाऊ दे,
बारीक ते मोठं करून दे.

आवाजाचे सेकंदाला सोळा हजार तुकडे.
दोन तुकड्यांच्या मधे घड्याळाचे सहा हजार अडीचशे ठोके,
एवढी फुरसत घोडपदेवच्या आमच्या खोलीत कुणालाच नाही.
म्हणून गुणाकाराला एकच गडी ठेवला,
रेशनच्या दुकानातल्या मापाड्यासारखा:
घे, गुण, मिळव, पुढचा,
असं चौसष्ट वेळा, आणि मग तुकडा सोड.

पहिल्या रात्री नुसती शिट्टी.
दुसऱ्या रात्री बेरीज काठावरून उतू गेली,
धन होतं ते ऋण झालं,
आणि हेडफोनमधून असा खडखडाट
की बाबा म्हणाले, "हां. हा ओळखीचा."
तिसऱ्या रात्री एक तार चिपमध्ये लांबून वळसा घालून येत होती.
अहवालात लाल ओळ:
शून्य पूर्णांक तीन नॅनोसेकंद उशीर.
मी अंधेरीच्या ऑफिसात त्या दिवशी दीड तास उशिरा पोचले होते.

रविवारी, भात शिजताना,
मी त्यांच्यासमोर तोंडावर वही धरून म्हटलं, सुपारी.
"सुपारी."
फणस.
"फणस. मोठी झालीस गं, अजून शाळा शाळा खेळतेस."
मग ते उठून चार पावलं चालले आणि थांबले.
"ही फरफर माझ्याच सपातांची?
इतकी वर्षं मी असा चालतोय?"

तेवढ्यात आई ओट्यापासून: "वाढू का?"
बाबांनी दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढले.
"अगं, ओरडतेस कशाला!"

आई पळी हातात धरून उभी.
चौदा वर्षं तिने आवाज ह्या एका माणसाच्या मापाने बेतला,
स्वर लांबवले, व्यंजनांवर जोर दिला,
भाजीवालीशी, देवाशी, फोनवर मावशीशी
त्याच मापाने बोलत आली.
आता हळू म्हणायला गेली, "वाढू..."
आणि तो आवाज मधेच चिरकला,
जणू दुसऱ्याच बाईचा, वापरात नसलेला.

मी लॅपटॉप उघडला.
मोठं येईल ते दाबणारा एक भाग जोडायला हवा होता,
मला आधीच सुचायला हवं होतं.
सॉफ्टवेअर म्हणालं, अकरा मिनिटं.
तोवर बोर्ड कोरा,
बाबा पुन्हा आपल्या गोदीत.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे,
आणि छाती भरून विचारलं,
"आमटीत मीठ कमी घातलंय, चालेल ना?"

भिंतीपलीकडून नलूताई:
"चालेल हो! वाटीभर इकडे पण पाठवा!"

बाबा हसले.
काय ऐकून, ते मी विचारलं नाही.
चौथं मिनिट चालू होतं.